पॅरिसहून ट्रेनने शनाँसो, दोघांची एक दिवसाची ट्रिप: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं पॅरिसजवळ राहतो त्यामुळे भारतातून, लंडनहून, जर्मनीहून कोणी ना कोणी येत असतं आणि प्रत्येकाला "एक तरी शातो (म्हणजे इथला जुना राजवाडा) बघायचाय, गाडी न घेता, एका दिवसात" असं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे, शनाँसो. त्याबद्दल जे जे विचारलं जातं ते सगळं इथे एकत्र लिहून ठेवतेय. वेळा आणि दर बदलत असतात, ते जायच्या आधी स्वतः बघून घ्या.

एवढे शातो आहेत, मग शनाँसोच का?

पहिलं कारण अगदी साधं, स्टेशन गेटला लागून आहे. लुआरच्या खोऱ्यातले बाकीचे मोठे शातो बघा, शांबोरला स्टेशनच नाही, ब्लुआला उतरून बस धरायची आणि ती बस दिवसातून मोजक्या वेळाच. इथे ट्रेनमधून उतरलात की चार-पाच मिनिटांत तुम्ही तिकीट खिडकीवर. दुसरं कारण म्हणजे हा शातो नदीत उभा आहे, काठावर नाही, शेर नावाच्या नदीच्या पात्रात, आणि त्याची लांब गॅलरी पुलासारखी पलीकडच्या तीरापर्यंत गेलीये. आणि तिसरं कारण माझं स्वतःचं, हा शातो एकामागून एक बायकांनी बांधला, वाढवला, सांभाळला. फ्रेंच लोकही त्याला बायकांचा शातो म्हणतात. नवराबायकोने बरोबर बघायला याच्याइतकी चांगली गोष्ट मला दुसरी माहीत नाही, कारण आत जी कथा आहे तीच मुळात लग्न, प्रेम, मत्सर आणि वैधव्याची आहे.

पण बस टूरवाले एका दिवसात तीन शातो दाखवतात, ते बरं नाही का पडत?

नाही पडत. पॅरिसहून बसने जाऊन यायलाच दिवसाचे पाच-सहा तास जातात, उरलेल्या वेळाचे तीन तुकडे केले तर प्रत्येक ठिकाणी गर्दीबरोबर फिरायचं, फोटो काढायचा आणि गाइडचा झेंडा दिसतोय का बघत बसायचं, हे ज्याला आवडतं त्याने जरूर करावं पण दोघांनीच जाताय तर एकच शातो घ्या आणि पूर्ण दिवस त्याला द्या. बागेत बसा, नदीकाठी बसा, काही न बोलता बसा. तीन शातोंची नावं घरी येईपर्यंत एकमेकांत मिसळतात हे आमच्याकडे आलेल्या कितीतरी पाहुण्यांच्या बाबतीत बघितलंय.

ट्रेन नक्की कुठून आणि कशी?

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही म्हणजे हायस्पीड गाडी पकडायची, सँ-पिएर-दे-कोर या स्टेशनला उतरायचं (तूर शहराला खेटून आहे हे), तिथून लोकल गाडी म्हणजे टीईआर. टीजीव्हीला साधारण तास लागतो, टीईआरला पंचवीसेक मिनिटं, मध्ये बदलायचा वेळ. म्हणजे घरून निघाल्यापासून अडीच-तीन तासांत तुम्ही शातोच्या दारात.

तिकीट शोधताना स्टेशनच्या नावाचं स्पेलिंग बघा, शातोच्या नावात शेवटी एक्स नाही पण गावाच्या आणि स्टेशनच्या नावात आहे, म्हणून कधीकधी रेल्वेच्या ॲपमध्ये स्टेशन सापडत नाही असं लोकांना वाटतं. आणि या भागातल्या लोकल गाड्यांवर आणि बोर्डावर "रेमी" असं लिहिलेलं दिसेल, तो या प्रदेशाचा ब्रँड आहे, गाडी तीच, गोंधळू नका. बदलताना वियेरझों किंवा बूर्जच्या दिशेची गाडी बघायची. ब्लेरे-ला क्रुआ आलं की उठून दाराशी जा, पुढचं स्टेशन आपलं, आणि गाडी जेमतेम मिनिटभर थांबते.

काही वेळा टीजीव्ही थेट तूरच्या मुख्य स्टेशनात जाते, तेही चालतं, टीईआर तिथूनच सुटते आणि त्यातल्या बऱ्याचशा सँ-पिएरला थांबून पुढे जातात. ॲप जे कनेक्शन देईल ते घ्या.

जाताजाता एक, ही जी हायस्पीड लाइन आहे तिच्यावरच १९९० च्या मे महिन्यात टीजीव्हीने ताशी ५१५ किलोमीटरचा विक्रम केला होता, वांदोमजवळ. तुमची गाडी ३०० ने जाईल. बाहेर गव्हाची सपाट शेतं आहेत त्यामुळे वेग जाणवत नाही, समांतर रस्त्यावरच्या मोटारी मागे पडायला लागल्या की मग कळतो.

तिकीट कधी काढायचं?

टीजीव्हीचं जितक्या लवकर तितकं, विमानासारखं आहे, दर वाढत जातात. टीईआरचा दर ठरलेला असतो, सीट नंबर नसतो, ती कधीही काढा. पण माझा सल्ला, पूर्ण प्रवास (पॅरिस ते शनाँसो) एकाच बुकिंगमध्ये काढा, कारण पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली तर एक बुकिंग असेल तर तुम्हाला पुढच्या गाडीत बसवून देतात, वेगवेगळी तिकिटं असतील तर समजावत बसावं लागतं. शनाँसोचं स्टेशन म्हणजे छोटा हॉल्ट आहे, तिथे तिकीटबाबू वगैरे कोणी नसतं, त्यामुळे परतीचं तिकीट आधीच खिशात असू द्या.

टीजीव्हीच्या तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. युरेल किंवा इंटररेल पास असेल तरी टीजीव्हीला सीट रिझर्व्हेशन वेगळं पैसे भरून घ्यावंच लागतं, हे खूप जणांना माहीत नसतं आणि मग ऐनवेळी सीट मिळत नाही. पॅरिसचा मेट्रोचा नाविगो पास इथपर्यंत चालत नाही.

मोंपार्नास स्टेशन मोठं आहे म्हणतात, चुकायला होतं का?

मोठं आहेच. मेट्रोच्या ४, ६, १२ आणि १३ नंबरच्या लाइन तिथे येतात पण मेट्रोतून वर प्लॅटफॉर्मपर्यंत यायलाच बरंच चालावं लागतं, आणि काही गाड्या मागच्या वोजिरारच्या बाजूने सुटतात, तिथपर्यंत अजून दहा मिनिटं. प्लॅटफॉर्म नंबर गाडी सुटायच्या साधारण वीस मिनिटं आधी लागतो आणि दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, मग कितीही हात हलवा, उघडत नाहीत. अर्धा तास आधी पोचा. आपल्या डब्याचा नंबर बघून मगच चढा, कारण दोन गाड्या जोडलेल्या असतात आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही.

कुठला महिना, कुठला वार?

मे, जून आणि सप्टेंबर. शातो वर्षभर रोज उघडा असतो, सोमवारीसुद्धा, हे फ्रान्समध्ये विशेष आहे कारण बऱ्याच जागा सोमवार किंवा मंगळवारी बंद असतात. ऑगस्टमध्ये गर्दी खूप. रविवारी टीईआर कमी असतात म्हणून मी मंगळवार ते शुक्रवार सांगते. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो त्यामुळे परतीची गाडी उशिराची घेता येते. हिवाळ्यात दिवस छोटा, बाग झोपलेली, पण आतल्या मोठ्या शेकोट्या पेटवतात आणि माणसं कमी, काहींना तेच आवडतं.

आत काय बघायचं आणि किती वेळ लागतो?

आतला भाग दोन तास, बागा आणि बाकीचं दोन तास, मधे जेवण. म्हणजे साडेदहाला पोचलात तर चार-साडेचारपर्यंत घाई न करता होतं. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, ऑडिओगाइड घ्या.

माझ्या मते सगळ्यात आधी स्वयंपाकघर बघा, कारण तिथे नंतर गर्दी होते. लोक वरच्या राणीच्या खोल्यांकडे धावतात आणि खाली उतरायचं राहूनच जातं. हे स्वयंपाकघर पाण्यात उभ्या असलेल्या दोन खांबांच्या पोटात आहे. खिडकीतून खाली बघितलं तर नदी अगदी हाताशी, आणि तिथेच धक्का आहे जिथे सामानाच्या होड्या लागायच्या, म्हणजे भाजी-धान्य-मांस थेट होडीतून आत. भिंतीवर तांब्याच्या पातेल्यांची रांग, मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या क्रमाने, घासून लखलखीत केलेली, आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या माजघरात फळीवर भांडी लावलेली असायची अगदी तशी. पाव भाजायची भट्टी आहे, खाटकाचे हूक आहेत, नोकरांची जेवणाची वेगळी खोली आहे. माझे सगळ्यात जास्त फोटो इथलेच आहेत.

मग जिना. सरळ चढत जाणारा जिना, फ्रान्समधल्या अशा पहिल्या काही जिन्यांपैकी, त्याआधी सगळे गोल गोल फिरणारे असायचे. हा कॅथरीन ब्रिसोनेच्या देखरेखीखाली झाला. तिचा नवरा तोमा बोइए राजाच्या खजिन्याचा अधिकारी, सतत इटलीच्या लढायांवर बाहेर, आणि इकडे १५१३ ते १५२१ या काळात जुनी गिरणी पाडून तिच्याच पायावर घर उभं करायचं काम बाईंनी बघितलं. दोघंही फार वर्षं उपभोगू शकले नाहीत, १५२४ आणि १५२६ मध्ये गेले, आणि पुढे हिशेबातल्या थकबाकीपोटी १५३५ मध्ये मुलाला हा शातो राजाच्या ताब्यात द्यावा लागला.

प्रत्येक खोलीत ताजी फुलं असतात, बघालच. शातोचा स्वतःचा फुलांचा विभाग आहे, फुलं इथल्याच बागेत वाढवतात आणि रचना खोलीप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलतात. हे मी दुसऱ्या कुठल्या शातोत इतकं मनापासून केलेलं बघितलं नाही, त्यामुळे रिकाम्या म्युझियमसारखं वाटत नाही.

दियान आणि कॅथरीन यांचं नक्की काय होतं? ऑडिओगाइड ऐकूनही डोक्यात गोंधळ झाला

थोडक्यात सांगते. राजा दुसरा आंरी, त्याची बायको कॅथरीन द मेदिची, लग्न झालं तेव्हा १५३३ साली दोघंही चौदा वर्षांची. आणि राजाचं प्रेम दियान द प्वातिए हिच्यावर, जी त्याच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठी. १५४७ मध्ये गादीवर येताच राजाने शनाँसो दियानला देऊन टाकला. तिने डाव्या हाताची मोठी बाग केली आणि नदीवर पूल बांधायला घेतला. म्हणजे इतकी वर्षं राणी सगळं बघत होती.

१५५९ मध्ये राजा भाल्यांच्या खेळात जखमी होऊन वारला आणि कॅथरीनने दियानला शनाँसो सोडायला लावला. बदल्यात शोमोंचा शातो दिला, अगदीच रस्त्यावर काढलं असं नाही, पण संदेश स्पष्ट होता. मग दियानच्या पुलावर कॅथरीनने गॅलरी चढवली, नदीवर तरंगणारा नाचाचा हॉल, साठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, अठरा खिडक्या, खाली काळ्या-पांढऱ्या फरशांचा पट. समोर आपली वेगळी बागही केली. आज जो फोटो जगभर छापला जातो तो या दोघींनी मिळून केलेला आहे, एकीचा पूल आणि दुसरीची गॅलरी, आणि दोघींनी एकमेकींचं तोंडही बघायला नको असं म्हटलं असतं.

एक छोटी गोष्ट नक्की शोधा. शातोत ठिकठिकाणी राजाराणीच्या नावांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत, एच आणि सी. पण ती अशी गुंफलीयेत की त्यातून डी सुद्धा वाचता येतो, दियानचा डी. दियानच्या खोलीत छताकडे आणि शेकोटीकडे नीट बघा. आणि त्याच खोलीत शेकोटीच्या वर आता तसबीर कोणाची आहे, तर कॅथरीनची.

यानंतर वरच्या मजल्यावर लुईज द लोरेनच्या खोलीत या. कॅथरीनची ही सून, तिचा नवरा तिसरा आंरी याचा १५८९ मध्ये खून झाला आणि ती इथे येऊन राहिली. भिंती आणि छत काळे, त्यावर रुपेरी अश्रू, काट्यांचे मुकुट, विधवेच्या दोऱ्या रंगवलेल्या. ती स्वतः पांढरे कपडे घालायची, राजघराण्यातल्या दुखवट्याचा तो रंग, म्हणून लोक तिला पांढरी राणी म्हणायचे. खालच्या त्या नाचाच्या हॉलमधून थेट या खोलीत आलात की दोघंही आपोआप गप्प होता. बरोबर आलेल्यांमध्ये मी हे प्रत्येक वेळी बघितलंय.

युद्धात इथे काहीतरी झालं होतं ना?

हो, दोन्ही महायुद्धांत. १९१३ पासून शातो मेनिए कुटुंबाकडे आहे, तेच चॉकलेटवाले. पहिल्या महायुद्धात गास्तों मेनिएने स्वतःच्या खर्चाने गॅलरीत हॉस्पिटल चालवलं, त्या नाचाच्या हॉलमध्ये खिडक्यांच्या ओळीने खाटा, आणि १९१८ च्या शेवटापर्यंत २,२५४ जखमी सैनिकांवर इथे उपचार झाले. त्याची सून सिमोन तिथली मुख्य परिचारिका.

दुसऱ्या महायुद्धात तर शेर नदीच सीमा झाली. उजव्या तीरावर जर्मनांचा ताबा, डाव्या तीरावर तथाकथित मुक्त भाग, आणि गॅलरीचं दक्षिणेकडचं दार नेमकं पलीकडे उघडतं. म्हणजे पुढच्या दाराने व्यापलेल्या फ्रान्समध्ये शिरा आणि मागच्या दाराने बाहेर. त्या दाराने कितीतरी माणसं निसटली. दार उघडं असेल तर पलीकडे जरूर जा, परत येण्यासाठी तिकीट हातात ठेवा. पलीकडून दिसणारा शातो वेगळाच आहे आणि तिथे माणसं फारच कमी असतात.

फोटो कुठून आणि कधी?

शातोकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे दियानची बाग, ती पूर्वेला. तिथून सकाळी उजेड बरोबर पडतो. उजवीकडे कॅथरीनची, तिथून दुपारनंतर, आणि कमानींचं पाण्यातलं प्रतिबिंब मला तिकडूनच आवडतं. वारा नसला पाहिजे बस. आत फ्लॅश वापरू नका. प्रीवेडिंग शूटसारखं कपडे बदलून वगैरे करायचं असेल तर आधी परवानगी विचारा.

आम्ही शाकाहारी आहोत, जेवायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. शातोच्या आवारात सेल्फ सर्व्हिस आहे आणि एक नीट बसून जेवायचं रेस्टॉरंट आहे, गावातही दोन-चार जागा आहेत. काहीतरी मिळतं, सॅलड, चीज, फ्राइज, पण पोटभर आणि खात्रीचं हवं असेल तर बरोबर घ्या. दशम्या, धपाटे, ठेपले, कोरडी चटणी, हे ट्रेनमध्ये खायला कोणी काही म्हणत नाही. भारतातून आलेल्यांनी आदल्या संध्याकाळी पॅरिसमध्ये ला शापेल भागात चक्कर मारावी, गार द्यु नोर स्टेशनच्या मागे, तमिळ लोकांची दुकानं आहेत, इडली-डोसा-वडा सगळं मिळतं, बांधूनही देतात. शातोच्या आत खाता येत नाही, बाहेर झाडाखाली बसून खायचं.

विकत घेणार असाल तर लक्षात ठेवा, कीशमध्ये (अंडं घातलेला खारा पाय) बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, "भाज्यांचं सँडविच" म्हणून जे मिळतं त्यात अंडं किंवा ट्यूना निघू शकतो. "सां व्यांद, सां प्वासों" म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको, आणि "वेजेतारियें" एवढंच म्हणून थांबू नका. त्याआधी बोंजूर म्हणायचं, ते न म्हणता थेट ऑर्डर दिली की इथे उद्धटपणा समजतात. दुपारचं जेवण बारा ते दोनच्या मध्येच, अडीचला गेलात तर किचन बंद. "युन काराफ दो" म्हटलं की साधं पाणी जगमध्ये फुकट येतं.

चीज खात असाल तर इथलं सँत-मोर द तुरेन घ्याच, बकरीच्या दुधाचं, बाहेरून राखेचा थर, लांबट, आणि मधोमध गवताची एक काडी घातलेली असते, ती खायची नसते. पण कडक शाकाहारी असाल तर अशा पारंपरिक चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं हे धरून चाला.

वाईन घेणाऱ्यांसाठी, हा तुरेनचा पट्टा आहे, वाईनचं गाव वुव्रे जवळच आहे, आणि खुद्द शनाँसोच्या नावाचीही वाईन मिळते. शातोतल्या तळघरात चाखता येते.

आईबाबांना घेऊन जमेल का? बाळ असेल तर?

जमेल, चालायची सवय असेल तर. स्टेशन जवळ आहे हा मोठाच फायदा पण गेटपासून शातोपर्यंत झाडांमधून लांब सरळ रस्ता आहे, बागेत खडी, आणि आत वर-खाली जिने. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तळमजला, गॅलरी आणि बागा बघितल्या तरी दिवस सार्थकी लागतो. बाळाची गाडी आत अडचणीची, पोटाशी बांधायचं कॅरिअर आणा. मुलांना यु नावाच्या झाडांचा भुलभुलैया फार आवडतो, दोन हजार झाडं आहेत आणि मध्यभागी पोचायला वेळ लागतो.

त्याच दिवशी आंब्वाजचा शातो पण होईल का?

अंतर कमी आहे, बारा-पंधरा किलोमीटर, पण मध्ये थेट ट्रेन नाही, परत सँ-पिएर-दे-कोरला येऊन दुसरी गाडी. होतं, पण मग दोन्ही अर्धवट होतात. आंब्वाज बघायचं असेल तर एक रात्र तूरला राहा.

एवढं लांब जायला वेळच नाही, पॅरिसच्या जवळ काही?

शांतिई. गार द्यु नोरहून पंचवीस मिनिटं, पुढे चालत किंवा बस. चित्रांचा संग्रह अप्रतिम आणि तो बघायला तिथेच जावं लागतं कारण ज्या ड्यूकने दिला त्याने मृत्युपत्रात बाहेर उसना द्यायला मनाई केलीये. फोंतेनब्लोही सोपं आहे, गार द लियोंहून.

व्हिसा?

भारतीय पासपोर्ट असेल आणि जर्मनीसारख्या शेंगेन देशाचा रहिवासी परवाना नसेल तर शेंगेन व्हिसा लागतोच, यूकेत राहत असाल तरी.

संप असेल तर?

फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात, त्याला इलाज नाही, पण आधी कळतं. संपाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कुठल्या गाड्या धावणार त्याची यादी येते, ॲपमध्ये तुमची गाडी बघा. बातम्यांत "ग्रेव" शब्द दिसला की सावध व्हा. टीजीव्ही बहुधा थोड्याफार धावतात, अडचण टीईआरची होते, आणि तीच नसेल तर ट्रिप दुसऱ्या दिवशी ढकला. गाडी रद्द झाली तर पैसे परत मिळतात.

परतीची टीईआर चुकली तर?

पुढची कधी आहे ते बघा, कधी तासाने असते, कधी तीन तासांनी, म्हणूनच शेवटच्या गाडीवर कधीही भरवसा ठेवू नका, तिच्या आधीचीच धरा आणि शेवटची राखीव ठेवा. तीही गेली तर टॅक्सीने सँ-पिएर-दे-कोर किंवा आंब्वाज. गावात टॅक्सी रस्त्यावर उभी नसते, फोन करून बोलवावी लागते, त्यामुळे शातोचं ऑफिस किंवा जवळचं हॉटेल उघडं असेपर्यंत तिथे जाऊन विचारा, ते फोन लावून देतात. सँ-पिएरहून पॅरिसला रात्रीपर्यंत टीजीव्ही असतात, पण तुमचं स्वस्तातलं तिकीट त्याच गाडीचं असतं, ती सुटायच्या आधीच ॲपमधून बदलता येतंय का बघा, सुटल्यावर फारसं काही करता येत नाही.